जेरबंद सोडणारे आबा

माझी घोडी परत आली त्याचा राग मला अजून आहे. हे आधीच सांगून टाकतो. सौद्यात मी मालाची खोट कधी स्वतःहून सांगत नाही, गिऱ्हाइकाने शोधावी. पण हा सौदा नाही, म्हणून आपली खोट आधी पुढे ठेवतो. पुढे जे लिहिणार आहे ते वाचून कोणाला वाटेल की मी उखा आबांना देव करायला बसलो आहे. तसं नाही. त्या माणसाने भर बाजारात मला मान खाली घालायला लावली होती. त्यानंतर मी जे केलं, ते मात्र त्याहून फार वाईट होतं.

सारंगखेड्याच्या घोडेबाजारात, तापीच्या पुलाकडून येणाऱ्या रस्त्याला लागून, ताडपत्री ताणून मांडलेलं आबांचं दुकान असायचं. राहायचे ते प्रकाशाला, पण बाजार भरला की महिनाभर मुक्काम इथेच. खोगीर, लगाम, तंग, घुंगरांच्या माळा, सगळं हाताने शिवायचे. चष्म्याची एक काडी कधीच तुटली होती. तिथे मेण लावलेला दोरा बांधून तो कानामागे अडकवलेला. टेप कधी वापरला नाही. घोड्याच्या अंगावर वीत टाकत जायचे आणि पुटपुटायचे. माप घेण्याआधी घोड्याला गुळाचा खडा द्यायचा, त्याचा वास घेऊ द्यायचा, आणि मगच हात लावायचा. कोणी घाई केली की आपल्या अहिराणीत म्हणायचे, "पहिले घोडाले इचार, मंग माले सांग."

त्यांची आणखी एक सवय होती, आणि माझं सगळं दुखणं तिच्यापासूनच सुरू होतं. दुकानात कुठलाही घोडा आला, कोणाचाही असो, कशासाठीही असो, आबा सर्वांत आधी त्याचा जेरबंद सोडायचे. ज्यांनी घोडा जवळून पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो. घोड्याच्या तोंडावरच्या पट्ट्याला चामड्याची एक वादी जोडलेली असते; ती छातीवरून उतरते, पुढच्या दोन पायांमधून जाते आणि पोटाच्या तंगाला बांधलेली असते. घोड्याने मान उसळू नये म्हणून. हा जेरबंद. आबा तो सोडायचे, घोडा मान वर करायचा, फुरफुरायचा, आणि आबा दोन पावलं मागे सरून त्याच्याकडे बघत राहायचे. एखादा घोडा मान वर करायला विसरलेला असायचा. मग त्याच्या हनुवटीखाली तळहात लावून हळूच उचलायचे. "कर ना भो वर. कोनी मारत नही."

पेपर ते रोज वाचायचे, मोठ्याने, चहाच्या टपरीवर. आमच्या भागात उसात बिबटे फार. दर पंधरा दिवसांनी बातमी यायची, अमुक शिवारात बिबट्या जेरबंद. ती आली की आबांचा दिवस खराब.

"बिबट्याले जेरबंद कोनी बांधा रे? फोटो दखा, तो तं पिंजरामा शे!"

टपरीवाला मुद्दाम डिवचायचा. "आबा, पेपरवाला शिकेल शे. तुम्ही किती शिकनात?"

"चौथी. पन मी जेरबंद शिवस. त्यानी शिवा का कधी?" मग आबांचं ठरलेलं व्याख्यान. "पिंजरा येगळा, जेरबंद येगळा. पिंजरामा जनावरले समजस, आपन कोंडायनू. ते डरकाळी फोडस, गज चावस. जेरबंदमा चालता येस, खाता येस, पयता बी येस. फक्त मान वर करता येत नही. अन् थोडा दिन गयात का जनावरले वाटस, मान एवढीच वर जास."

आम्ही हसायचो. मी तर सर्वांत जास्त.

मी या धंद्यात कोणाच्या आधाराने आलेलो नाही. पुरुषोत्तमनगरच्या साखर कारखान्यावर उसाच्या मोळ्या उतरवत होतो. तिथून बकऱ्यांची दलाली, मग बैल, मग घोडे. घोड्यांच्या बाजारात पहिल्या वर्षी मला राजस्थानच्या व्यापाऱ्यांनी चांगलंच कापलं. तिथे भाव तोंडाने होत नाही. दोघांचे हात एका रुमालाखाली जातात, बोटं दाबून आकडा सांगायचा, बघणाऱ्याला काही कळत नाही. मला ती भाषा येत नव्हती. आबांनी दुकानाच्या मागच्या बाजूला मला बसवलं, खोगिराखालचं कापड आमच्या हातांवर टाकलं आणि चार दुपारी शिकवलं. एक पैसा घेतला नाही. म्हणाले, "तोंड खोटं बोलस, बोटं नही बोलत. रुमालना खाले समोरनाना हात दख. घाम उना का समज, त्याले घोडा पाहिजे."

माझी सगळी कमाई त्या चार दुपारींवर उभी आहे. हे मी आबांना कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ते उपकार झाले असते, आणि उपकार घेणं मला आवडत नाही.

लग्नात घोडा नाचवणारा एक जण एकदा आला होता. फोटोत घोड्याची मान धनुष्यासारखी वाकलेली दिसली पाहिजे, म्हणून जेरबंद आणखी दोन भोकं आवळून द्या, असं त्याचं म्हणणं. आबांचा नियम होता, वादीखालून दोन बोटं सहज गेली पाहिजेत. त्यांनी त्याचं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "लगीन कोनं शे?"

"नवरदेवनं."

"मंग मुंडी त्याले खाले घालू दे ना! आते पासून सवय व्हई. घोडानं काय पाप?"

सगळा रस्ता हसला. तो माणूस चिडून गेला आणि दुसरीकडून आवळून घेऊन आला. आबांना गिऱ्हाईक गेल्याचं वाईट वाटलं नाही, पण संध्याकाळी तो घोडा समोरून नाचत गेला तेव्हा त्यांनी हातातलं काम खाली ठेवलं आणि तो दिसेनासा होईपर्यंत उचललं नाही.

आता माझी घोडी.

तशी घोडी माझ्या हाताखालून पुन्हा गेली नाही. काळीभोर, पायांत चार पांढरे मोजे, चालताना धूळसुद्धा उडवायची नाही. नंदुरबारच्या एका जुन्या मालकाकडून मी ती आणली. खोट एकच: छातीच्या बरोबर मध्ये एक भोवरी होती, रुपयाएवढी, केसांचा छोटासा भोवरा. घोड्याच्या अंगावरच्या भोवऱ्या आमच्याकडे पत्रिकेसारख्या वाचतात. छातीवरची भोवरी धन्याला खाते म्हणतात. मी हे मानत नाही. पण घेणारे मानतात, आणि भाव घेणारा ठरवतो.

मी आबांकडे गेलो. म्हणालो, या घोडीसाठी जेरबंद पाहिजे, चार बोटं रुंद, आणि छातीपाशी मोठा गोंडा.

आबांनी नेहमीप्रमाणे आधी घोडीचं सगळं सोडलं. गूळ दिला. छातीवर हात फिरवला, तो भोवरीपाशी थांबला.

"घोडी मस्त शे, रमेश."

"मग शिवा ना."

"तू भोवरी मानस का?"

"नाही मानत. तुम्ही मानता का?"

"मी बी नही मानत. केसं शेतस ती. त्यामुये कोनी मरत नही." त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. "मंग झाकस कसाले?"

"घेणारा मानतो म्हणून."

"मंग त्याले सांग. त्याले नही चालनं तं दुसरा ई. मी घोडाले बांधासाठे पट्टा शिवस, मानूसले फसाडासाठे नही."

मला राग आला. माझा राग सगळ्या बाजाराला माहीत आहे. मी म्हणालो, तुमच्यासारखे विचार करत बसलो असतो तर आजही मोळ्या उतरवत असतो.  मी दोन दुकानं पलीकडे जाऊन चांदीच्या फुलांचा, आरसे लावलेला, हवा तेवढा रुंद जेरबंद घेतला. तयारच मिळाला. म्हणजे असं झाकणारा मी काही पहिला नव्हतो.

घोडी तापीकाठच्या एका गुजर शेतकऱ्याने घेतली. त्यांना सगळे पाटील म्हणतात; केळीचे मोठे बागायतदार. रुमालाखाली त्यांच्या हाताला घाम आलेला मला लागला, आणि मी थांबलो तो थेट माझ्या आकड्यावर. पाटलांनी नारळ फोडला, घोडीला कुंकू लावलं. सगळं झालं होतं. मग त्यांना वाटलं, हिला घुंगरांची माळ हवी. चांगली माळ कोणाकडे? उखा आबांकडे.

मी मागोमाग धावलो. पोचलो तेव्हा आबांच्या हातात जेरबंद होता, गोंड्यासकट सोडलेला, आणि पाटील घोडीच्या छातीकडे बघत उभे होते.

"रमेशभाऊ, हाई काय शे?"

मी म्हणालो, मला माहीत नव्हतं. लोक जमले होते. आबांनी माझ्याकडे पाहिलं.  मला माहीत होतं हे त्यांना ठाऊक होतं, एका वाक्यात मला उघडं पाडता आलं असतं, आणि ते गप्प राहिले. हे मला त्या वेळी दिसलंच नाही. मला एवढंच दिसलं की माझा झालेला सौदा या म्हाताऱ्याने मोडला.

पाटलांनी घोडी तिथेच माझ्या हाती दिली, नुसत्या दोरीवर. कोणीतरी मागून ओरडलं, "भोवरीवाला शेट!" ते नाव चार वर्षं माझ्या मागे होतं. ज्या दोन पोरींच्या शाळेसाठी मी बिऱ्हाड शहाद्याला हलवलं होतं, त्यांच्या कानावरही ते गेलं. घोडी शेवटी मी मध्य प्रदेशातल्या एका माणसाला निम्म्या भावात दिली. तो धनी आजही ठणठणीत आहे. म्हणून म्हणतो, राग अजून आहे.

पण त्या दिवशी मी घोडीला खुंट्याला बांधलं आणि माझ्या लक्षात आलं की चांदीच्या फुलांचा जेरबंद आबांच्या दुकानातच राहिला. मला तो आणायला जाता आलं असतं. पन्नास पावलं होती. मी पोलिसांच्या राहुटीत गेलो.

मी "चोरी" हा शब्द उच्चारला नाही. इतकी वर्षं मी स्वतःशी याच शब्दावर घासाघीस करतो आहे. मी म्हणालो, "माझा चांदीचा जेरबंद हरवला आहे आणि तो उखा आबाच्या दुकानात आहे." हवालदाराने विचारलं, "त्याने नेला का?" मी म्हणालो, "मग काय, चालत गेला?"

एवढंच. हे एक वाक्य.

जेरबंद त्यांच्या दुकानात खिळ्याला, सगळ्यांना दिसेल असा टांगलेला सापडला. आबांनी सांगितलं असणार की घोडी सोडताना इथे राहिला. पण फिर्याद चांदीची, फिर्यादी ओळखीचा व्यापारी, आणि बाजारात त्या आठवड्यात दोन-तीन चोऱ्या झालेल्याच होत्या. त्यांना घेऊन गेले. दुकानाची ताडपत्री कोणी खाली सोडली नाही. मेणाचा गोळा, अर्धी शिवलेली वादी तशीच उघड्यावर पडलेली होती.

दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला. आबा मध्ये, दोन्ही बाजूंना पोलीस, समोर टेबलावर माझा जेरबंद. वर मोठ्या अक्षरांत: घोडेबाजारातील चोरटा जेरबंद. टपरीवर ती बातमी मोठ्याने वाचायला त्या दिवशी आबा नव्हते, टपरीवाल्याने वाचली. कोणीतरी म्हणालं, "जेरबंदवालाच जेरबंद!" सगळे हसले. हसणाऱ्यांत मी होतो. त्या हसण्याचा आवाज मला अजून ऐकू येतो.

दोन दिवसांनी मी जाऊन लिहून दिलं, वस्तू नजरचुकीने तिकडे राहिली होती, माझी तक्रार नाही. आबांना सोडलं. सोडल्याची बातमी आली नाही. अशी बातमी कधी येत नाही. लोकांत पसरलं ते वेगळंच. रमेशशेटने म्हाताऱ्याला माफ केलं म्हणे. मी ते खोडलं नाही. खरं सांगतो, ऐकायला बरं वाटलं.

आबा त्याच दुपारी माझ्याकडे आले. दाढी वाढलेली, सदरा चुरगळलेला. मला वाटलं शिव्या देतील. मी तयारीत होतो. भांडायला मी केव्हाही तयार असतो. ते माझ्या खाटेच्या टोकाला बसले.

"माले माफी नको, रमेश. एकच काम कर. उद्या बजारमा दहा मानसं ऱ्हातीन तठे उभा ऱ्हाय, अन् सांग, आबानी चोरी करी नही. बस."

"कागदावर लिहून दिलंय ना, आबा."

"कागद ठानामा शे. मी बजारमा बठस."

ते बरोबर होतं. त्यांच्या धंद्यात सगळं विश्वासावर चालायचं. लोक चांदीची खोगिरं, वाडवडिलांच्या वेळचे दागिने त्यांच्या ताडपत्रीखाली आठ-आठ दिवस सोडून जायचे. पण मी उभा राहून ते सांगितलं असतं, तर पहिला प्रश्न आला असता: मग जेरबंद तिथे पोचला कसा? कोणी सोडला? का सोडला? खाली काय होतं? आणि तुला माहीत होतं का? भोवरीवरून लोक हसत होते, पण ती मला आधीच माहीत होती हे मी कबूल केलेलं नव्हतं. आबांचं नाव स्वच्छ करायला मला माझं मळवावं लागणार होतं. मी तोलून पाहिलं आणि म्हणालो, "पुढच्या वर्षी बाजार भरला की पहिल्याच दिवशी सांगतो. आता लोक तापलेले आहेत."

तापलेलं कोणीच नव्हतं. आबांनी माझा हात हातात घेतला. वर रुमाल नव्हता, पण मला वाटलं ते माझ्या तळव्याचा घाम बघताहेत. मग उठले.

पुढच्या वर्षी त्यांनी दुकान लावलं. मी पहिल्या दिवशी बोललो नाही, दुसऱ्याही नाही. त्यांच्याकडे घोडे येईनासे झाले होते. जे यायचे ते धन्यासकट. धनी समोर उभा राहून, डोळा न हलवता काम करून घ्यायचा. पूर्वी लोक खोगीर टाकून चहाला जायचे. मी लांबून एकदा पाहिलं, एक घोडा आला, आबांनी जेरबंदाला हात घातला आणि धन्याने ओरडून थांबवलं, "राहू द्या, मी सोडतो!" आबांनी हात मागे घेतला. त्यानंतर ते माप सांगा एवढंच म्हणायचे. त्यापुढच्या वर्षी ताडपत्री लागली नाही. कळलं की मुलीकडे नवापूरला गेले.

सुरतेला जाताना नवापूर लागतंच. मी तीन वर्षं तिथून गाडी हाकत गेलो आणि थांबलो नाही. दर वेळी कारण वेगळं असायचं. चौथ्या वर्षी थांबलो. का, ते मला सांगता येणार नाही. माझी थोरली मुलगी त्या महिन्यात लग्न होऊन गेली होती, तेव्हापासून घरात बसवत नव्हतं.

आबांची मुलगी सुनंदा म्हणाली, "बाबा कामावर शेत." मोठमोठ्या कोंबडीशेडांचं एक आवार होतं, तिथे शेडांच्या बाजूंना लावायचे ताडपत्रीचे पडदे शिवायचं काम ते करत होते. मी गेलो तर आबा पडद्यांच्या ढिगात बसले होते. खोगिराचं चामडं टोचायची तीच आरी, तोच मेणाचा दोरा. आता त्यांचे हात कापत होते. टाके मात्र सरळ.

मी बसलो आणि एका दमात सांगितलं. भोवरीचं, पोलिसांच्या राहुटीचं, "चालत गेला का" म्हणालो त्याचं, टपरीवरच्या हसण्याचंही. म्हणालो, आबा, तुम्ही चोरी केली नव्हती.

त्यांनी दोरा दातांनी तोडला. "हाई माले कसाले सांगी ऱ्हायना? माले तं माहीत शे."

मग तेच म्हणाले, "पोरी कशा शेतस?" थोरलीचं लग्न झालं म्हटल्यावर त्यांनी आरी बाजूला ठेवली, सासर कुठलं, माणसं कशी, सगळं विचारलं. माझ्यावर राग आहे का, हे मी विचारलं नाही. नाही म्हणाले असते तर मी सुटलो असतो, आणि तेवढी लाज मला होती.

पावसाळ्यात सुनंदाचा फोन आला, बाबा गेले म्हणून. त्या साली बाजार भरला तेव्हा मी टपरीसमोर उभा राहिलो आणि सांगितलं. सगळं, भोवरीसकट. दहा नाही, तीसेक माणसं असतील. काही नव्या पोरांनी विचारलं, कोण आबा? जुना टपरीवाला कप विसळत होता, तो म्हणाला, "आम्हले तं तवयच माहीत व्हतं."

"माहीत होतं? मग त्यांच्याकडे कोणी काम का टाकत नव्हतं?"

"तू बोली नही ऱ्हायंता ना, शेट. फिर्यादी गप, तं आम्ही कसं बोलूत?"

मला त्याच्यावर हात उचलावासा वाटला. उचलला नाही. तो खरं बोलत होता.

आबांचं शेवटचं दर्शन मात्र नवापूरचं. त्या दिवशी दुपार कलल्यावर काम संपलं. आबा माझ्याबरोबर फाटकापर्यंत आले. फाटकाशी पहारेकऱ्याची खुर्ची होती, तिच्यावर एक तरुण माणूस मोबाईल बघत बसलेला. आमच्या पुढे सात-आठ मजूर बाहेर पडले, बायका डबे घेऊन, पुरुष पिशव्या घेऊन. त्याने कोणाकडे मान वर करून पाहिलं नाही. आबा त्याच्यासमोर जाऊन थांबले. खांद्यावरची कापडी पिशवी काढली, तिचं तोंड दोन्ही हातांनी फाकवलं आणि त्याच्यापुढे धरली.

माझं डोकं फिरलं. मी त्या पोराच्या अंगावर गेलो. "म्हाताऱ्या माणसाची पिशवी तपासतोस? बाकीचे सगळे गेले ते दिसले नाहीत तुला?"

तो घाबरून उभा राहिला. "मी कुठे मागतो साहेब? मी कधीच मागितली नाही. आबाच रोज दाखवतात. नको म्हटलं तरी जात नाहीत."

मी आबांकडे वळलो. त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. पिशवी तशीच धरलेली होती. आत आरी होती, दोऱ्याची रीळ, रिकामा डबा, एक टॉवेल. त्यांनी टॉवेल उचलून झटकला, त्याखाली काही नाही हे दिसेल असा, आणि त्या पोराला समजावणीच्या सुरात म्हणाले,

"दख ना भाऊ. नीट दखी ले."

पोराने माझ्याकडे पाहिलं, मग वाकून पिशवीत पाहिलं. तेव्हा कुठे आबांनी टॉवेलची घडी घातली, पिशवी खांद्याला लावली आणि फाटकाबाहेर पडले.